दहा हजार वॅटचा थाट

स्पीकरसाठी बजेट आठ हजार. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दुकानदाराने खोक्यावरचा आकडा दाखवला: १०,००० वॅट पीएमपीओ. आमच्या भिंतीतल्या सहा अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम १,३८० वॅट निघतात. उरलेले बहुधा दुकानदाराच्या तोंडून. खोक्याच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, खरा आकडा होता: आरएमएस ४०. "काका, बेस बघा!" म्हणत त्याने असा ठोका वाजवला की काउंटरवरचा चहा सांडला. मी भीमसेनांची तोडी लावायला सांगितली. तानपुरा मिक्सरसारखा घरघरला. "रेकॉर्डिंगच जुनं आहे हो," तो म्हणाला. शेवटी दोन साधे, लाकडी स्पीकर घेतले. एक टीव्हीशेजारी, दुसरा फ्रिजवर. नीट स्टिरिओ ऐकायचं तर मोरीच्या दारात उभं राहावं लागतं.