कवितेची उत्तरतपासणी

बारावीच्या इंग्रजीत कवितेचं रसग्रहण विचारतात, चार गुणांसाठी. क्लासचे सर त्यासाठी पाठ करून घेतात: कवितेविषयी दोन ओळी, मग आशय, शैली, अलंकार, संदेश आणि शेवटी 'मला ही कविता खूप आवडली'. कविता कोणतीही असो, आवड ठरलेलीच. ती न आवडण्याची मुभा आहे की नाही, असा प्रश्न एखादं पोर विचारतं, सर म्हणतात, "बाळा, मार्क्स हवेत ना?"

व्याकरणाचंही तसंच. 'टू' काढून 'सो... दॅट' घालायचं, कर्तरीचं कर्मणी करायचं. मुलं हे इतक्या सफाईने करतात की वाक्याचा अर्थ कळायची गरजच उरत नाही. मात्र रजेचा अर्ज लिहायला सांगा, पेन थबकतं.

बारावीच्या इंग्रजीच्या 'युवकभारती' या पाठ्यपुस्तकात ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर'मधला उतारा आहे. मूळ कादंबरी फ्रेंच, 1872-73 मधली. आपण ती इंग्रजीच्या पेपराला वाचतो, ते जाऊ द्या. त्या कादंबरीत नायक फॉगचा नोकर पास्पार्तू मुंबईत येतो, बूट घालून मलबार हिलवरच्या देवळात शिरतो, मार खातो आणि बूट तिथेच सोडून पळतो. दादरच्या क्लासमधल्या पोराला हे सांगितलं तर ते कादंबरी शोधून वाचेल. पण सर सांगत नाहीत. त्यांच्या नोट्समध्ये पास्पार्तू फक्त 'निष्ठावान, धाडसी आणि प्रामाणिक' आहे. फॉगही तोच. त्याच पुस्तकातला शेरलॉक होम्सही तोच, फक्त पुढे 'हुशार' जोडायचं.