फोनचा चेहरा बदलणाऱ्या साहेबांस, लोह्याहून

प्रति,
गूगलच्या फोन ॲपला नवं रूप देणारे साहेब,
मुक्काम पोस्ट कॅलिफोर्निया.

स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, माफी असावी. पावसानं जे काही सोयाबीन ठेवलं होतं, ते आधी काढायचं होतं.

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन पोळ्याच्या तोंडावर तुम्ही जे करून दाखवलंत ते आमच्या भागातल्या एकाही पुढाऱ्याला आजवर जमलेलं नाही. लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर, सगळे पक्ष, सगळ्या जाती, सासू आणि सून, अशी सगळी मंडळी तुम्ही एका मताची केलीत. फोन वनप्लस असो, रिअलमी असो की मोटोरोला, आत तुमचं ॲप असलं की सकाळी उठल्यावर त्याचं तोंड बदललेलं. कुणी म्हणालं, हॅक झाला. कुणी म्हणालं, सरकार ऐकतंय. कुणी सिम काढून, पुसून, फुंकर मारून परत घातलं. आणि ज्या घरात लेकरं फोन घेऊन बसतात, तिथं पहिला संशय कुणावर गेला असेल हे तुम्हाला सांगायला नको. त्या लेकरांचा मार तुमच्या नावावर जमा आहे.

तुमची पद्धत मला फार आवडली. विचारणं नाही, सांगणं नाही. ॲप आधीच गुपचूप फोनात येऊन बसलेलं. मग तुमच्याकडून कळ दाबली गेली आणि इकडे घरोघरी पडदा पालटला. “मी तर काही अपडेटच केलं नव्हतं,” हे वाक्य त्या आठवड्यात लोह्याच्या बसस्थानकापासून मोंढ्यापर्यंत इतक्या वेळा ऐकलं, की पोलिसांपुढं जबाब देतानासुद्धा माणूस एवढ्या कळकळीनं बोलत नाही.

आता तुमच्या एकेका कलाकृतीबद्दल. आवडीची माणसं एका खणात असायची आणि आलेले-गेलेले फोन दुसऱ्या खणात. तुम्ही दोन्ही एकत्र केलेत आणि त्याला ‘होम’ म्हणालात. एकत्र कुटुंबपद्धतीवरचा तुमचा हा विश्वास बघून डोळे भरून आले. सगळ्या नंबरांची यादी तेवढी घराबाहेर काढलीत. ती आता शोधायच्या पट्टीतल्या तीन रेघांमागं राहते. पूर्वी एकाच माणसाचे फोन एका ओळीत मावायचे. आता प्रत्येक फोनला स्वतंत्र ओळ. वसुलीवाल्यानं दुपारभरात दहादा फोन केला की दहाही वेळा त्याचं नाव वाचायचं. कर्जदाराची एवढी आठवण कुठल्या बँकेनंही ठेवली नव्हती.

आणि तो फोन उचलण्याचा प्रकार! बोट वर सरकवायचं ते आता आडवं सरकवायचं. उजवीकडं गेलं तर उचलला, डावीकडं गेलं तर कट. खिशातून काढताना चुकून उचलला जाऊ नये म्हणून हे केलं, म्हणतात. योजना शंभर टक्के यशस्वी झाली, साहेब. आता चुकून उचलला जात नाही, आणि मुद्दामही उचलला जात नाही.

मटेरियल थ्री एक्स्प्रेसिव्ह हे या नव्या रूपाचं नाव. त्यासाठी तुमच्या लोकांनी ४६ अभ्यास केले आणि जगभरच्या १८ हजारांहून जास्त माणसांना विचारलं. महत्त्वाचं बटण चौपट वेगानं नजरेत भरतं, पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनाही ते तरुणांइतकंच लवकर सापडतं, असा निकाल लागला. खोटं कशाला म्हणू? फक्त एक शंका आहे. ही सगळी माणसं पडद्याकडं बघत होती ना? आमच्या मोंढ्यात पोत्यावर बसलेला माणूस बघत नाही. त्याचा एक डोळा काट्यावर आणि दुसरा आडत्याच्या तोंडावर असतो. जिला अक्षर येत नाही ती आजी तर नाव वाचतच नाही; लेकीचा फोटो कुठल्या जागी आहे ते तिचा अंगठा जाणतो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे होतात. एखाद्या रात्रीत परस्पर कुणी त्या बोटांचे भाव बदलले, तर बैलाचं काय व्हायचं ते होवो, आधी दोन माणसांची डोकी फुटतील.

थट्टा थोडी बाजूला ठेवतो. तुमचं हे नवं रूप उतरलं त्याच्या काहीच दिवस आधी, १७-१८ ऑगस्टच्या रात्री, आमच्याच जिल्ह्यात मुखेड तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळमध्ये पाणी शिरलं होतं. माणसं गेली, जनावरं गेली. बचावाला लष्कर बोलवावं लागलं. त्या आठवड्यात नांदेड जिल्ह्यात फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. असा वाजणारा फोन हातात धरून म्हाताऱ्या माणसानं बोट वर न्यायचं की आडवं, हे शिकायचं होतं. तुम्हाला हे ठाऊक असण्याचं काही कारण नाही. पण ठाऊक नाही म्हणूनच तर माणूस आधी विचारतो.

आयफोनवाले तेव्हा आम्हाला हसत होते. १५ सप्टेंबरला त्यांचाही नंबर लागला. आयओएस १८ वरून उडी थेट २६ वर, आणि सोबत लिक्विड ग्लास. काचेमागं काच, तिच्यामागं बायकोचा फोटो, आणि मेसेजची अक्षरं त्या फोटोतल्या साडीत विरघळलेली. पण त्या कंपनीनं नोव्हेंबरात २६.१ मध्ये काच गडद करून घ्यायची सोय तरी दिली. मायक्रोसॉफ्टनंही २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण उडवलं होतं आणि पुढच्याच वर्षी मुकाट्यानं परत आणून ठेवलं. आमच्याकडं मात्र पोरांनीच वाट शोधली: ॲपच्या माहितीत जा, तीन टिंबं दाबा, अपडेट काढून टाका, मग प्ले स्टोअरमध्ये आपोआप अपडेट बंद करा. एवढं केलं की जुनं घर परत. म्हणजे सुरक्षेच्या सुधारणाही गेल्या. पण लेकीचा फोटो जागेवर आला.

आम्हाला नवं शिकता येत नाही असं मात्र कुणी समजू नये. यूपीआय शिकलो. भर उन्हात बांधावर उभं राहून ई-पीक पाहणीचं ॲप चालवायला शिकलो, आणि ज्यानं ते चालवलंय त्याला जगात कुठलंही ॲप अवघड नाही. मागणं एवढंच, की बदलण्याआधी एकदा विचारा. ‘जुनंच राहू द्या’ असं एक बटण द्या, हवं तेवढं गोल आणि रंगीत करून द्या.

कळावे, लोभ आहेच.
तुमचा एक ग्राहक, लोहा, जि. नांदेड

ता. क. पुढचं नवं रूप पेरणीत नको, पोळ्याला नको, पंचनामे चालू असताना तर मुळीच नको. शिमग्याला आणा. तेव्हा बोंब मारायची आमच्याकडं तशीही प्रथा आहे.