याद्या जोडायच्या की पानं मोजायची?

"काय गं, काल रात्री दोन वाजता तुझ्याकडे दिवा होता?"

"डिस्क भरली होती, काकू."

"अगं बाई! कितव्या मणक्याची?"

इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाउसांच्या मधली भिंत जेमतेम चार फुटी. पलीकडून काकू पूजेसाठी जास्वंद खुडतात, अलीकडे मी चहाचा कप घेऊन उभी. दिवा काय, शिंकसुद्धा लपत नाही. म्हटलं, मणक्याची नाही हो, कम्प्युटरची. मी घरून हिशेबाची कामं करते. मेन रोडवरचे दुकानदार, बेदाण्याचे एक-दोन व्यापारी, सगळ्यांची बिलं माझ्याकडे. त्यांचा बॅकअप रोज रात्री रेस्टिक नावाचा प्रोग्रॅम एका टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर घेतो. आणि ती डिस्क किती भरली हे दाखवायला मी एक छोटं ओपन सोर्स टूल लावलंय. नाशिकला गोदेचा पूर किती चढला ते दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतं, तसं माझ्या डिस्कचं ह्यावरून. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, बघत राहायचं.

"मग मारुती बुडाला?"

"मारुतीनं सांगितलं, ४.२ टीबी भरलेत. एका टीबीच्या डिस्कमध्ये!"

काकूंनी परडी भिंतीवर ठेवली. म्हणजे आता कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत निश्चिंती.

तशी ती डिस्क पुरती एक टीबीही दिसत नाही. विंडोजला जोडली की ९३१ जीबी दाखवते. "मधले दुकानदारानं मारले?" काकूंची शंका. नाही हो, डिस्क विकणारा हजारानं मोजतो आणि विंडोज १०२४ नं. वस्तू तेवढीच, मापं दोन. पण ४.२ ला हेही कारण पुरेना. डिस्कवरच्या फोल्डरचा आकार बघितला तर १४८ जीबी. टूल वेडं झालं म्हणावं, तर रोजचा बॅकअप बिनबोभाट होतोय.

ओपन सोर्सचं एक सुख असतं. झाकण उघडून आत बघता येतं. आत बघितलं तर टूल स्वतः काही मोजतच नव्हतं. ते रेस्टिकला 'स्टॅट्स' विचारायचं आणि येईल तो आकडा चिकटवायचं. रेस्टिकला नुसतं 'स्टॅट्स' म्हटलं की ते सांगतं रिस्टोर साइझ, म्हणजे सगळे बॅकअप एकेक करून परत उतरवले तर किती जागा लागेल. माझा डेटा १२० जीबी, रात्री ३५. करा गुणाकार.

"पण ठेवलंय तर १४८ च ना?"

तीच तर रेस्टिकची करामत. ते फायलींचे तुकडे करतं आणि जो तुकडा आधीच डिस्कवर आहे तो पुन्हा लिहीत नाही, नुसती त्याची नोंद ठेवतं. पस्तीस रात्रींची बिलं बहुतेक तीच. रोज नवीन पडते ती चिमूटभर.

काकू क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "आमच्या धाकटीच्या लग्नात हेच झालं. ह्यांची यादी, माझी यादी, आत्याबाईंची, शिवाय व्याह्यांची. बेरीज झाली बाराशे. केटररला घाम फुटला. पंगतीला पानं मांडली साडेचारशे, कारण प्रत्येक यादीत तेच मामा आणि तीच मावशी. तुझं टूल याद्या जोडत होतं गं, पानं मोजत नव्हतं."

दीड तास मी जे वाचत बसले होते ते बाईंनी जास्वंद खुडता खुडता सांगितलं. टूलमध्ये एकच दुरुस्ती लागली. 'स्टॅट्स'पुढे 'रॉ-डेटा' हा मोड लिहिला. मारुती सरळ १४८ वर आला.

"मग दोन कशाला वाजले?"

लोभ, दुसरं काय. टूल बंद होतंच, तेवढ्यात म्हटलं जुने बॅकअपही काढू. 'फरगेट' दिलं, ३५ पैकी ९ ठेवले, २६ विसरायला लावले. टूल पुन्हा चालू केलं आणि डिस्कवरच्या फोल्डरचा आकार बघते तर जिथल्या तिथे.

तेवढ्यात कोपऱ्यावर घंटागाडीचं गाणं लागलं. "हे बघा," मी म्हटलं, "फरगेट म्हणजे कचरा डब्यात भरून दारात ठेवला. घंटागाडीनं नेल्याशिवाय अंगण मोकळं होत नाही. तिचं नाव प्रून." आणि प्रूनही अगदी झाडून नेत नाही. ज्या गठ्ठ्यात थोडाच कचरा आहे तो उपसण्यात वेळ जातो, म्हणून पाच टक्क्यांपर्यंत नकोसा डेटा ते मुद्दाम राहू देतं.

"मग बोलवायची की घंटागाडी!"

बोलावली. म्हणाली, आत कुणीतरी आहे, कुलूप आहे. 'अनलॉक' दिलं. त्यानं फक्त मेलेली कुलपं निघतात, हे जिवंत होतं. प्रूनला डेटापाशी एकटंच असावं लागतं, दुसरं कुणी नुसतं वाचत असलं तरी चालत नाही. आणि वाचत कोण बसलं होतं? माझं टूल! दर दहा मिनिटांनी मोजायला यायचं, मोजायला त्याला आठ-नऊ मिनिटं लागायची. म्हणजे मोजणाराच रात्रभर दारात आडवा.

गल्लीत हॉर्न वाजायला लागला. काकांची स्कूटर नेहमीसारखी रस्त्यात, तिच्यामागे घंटागाडी अडकलेली. "अहो, स्कूटर काढा!" काकूंनी आवाज दिला, आणि माझ्याकडे वळून, "मीटर बघणारा महिन्यातून एकदा येतो. तुझ्या टूलला दहा-दहा मिनिटांनी काय बघायचंय?"

टूल थांबवलं, प्रून पाऊण तास चाललं, फोल्डरचा आकार १३१ वर उतरला. 'चेक' दिलं आणि एका व्यापाऱ्याचं मार्चचं बिल परत उतरवून उघडूनही बघितलं. मगच दिवा मालवला.

"आणि ही डिस्क असते कुठे?"

"कम्प्युटरशेजारीच."

"शाबास! चोर काय एकच उचलून नेईल?"

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं रूढ केला. सोनं लॉकरमध्ये ठेवणाऱ्या काकूंना तो कुणी सांगावा लागला नाही. दुसरी डिस्क आता त्यांच्या लेकीकडे नाशिकरोडला असते, दर महिन्याला काकू डब्याबरोबर ती ने-आण करतात.

टूल आता पहाटे सहाला एकदाच मोजतं, प्रून रविवारी रात्री. काकांची स्कूटर अजून तिथेच असते.