लीकेज

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. गेली 11 वर्षं लोकांच्या छतांवरचे ओले डाग बघतेय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. डाग 203च्या छताला दिसतो, पण भोक असतं 303च्या बाथरूममध्ये. आणि 303वाले ते कधीच कबूल करत नाहीत.

हे ज्ञान स्वतःच्या बाबतीत मात्र कामाला आलं नाही. गेल्या पावसाळ्यात फोडणीत मिरच्या टाकल्या, ठसका लागला, आणि गॅस बंद करायचा सोडून मी आधी पायांची अढी घातली. बायकांना पुढचं सांगायला नको. पुरुषांनी सरळ पुढच्या परिच्छेदावर जावं.

मग सुरू झाला गुपचूप बंदोबस्त. लग्नाला गेलं की आधी कार्यालयाचं टॉयलेट बघून ठेवायचं, मग नवरी. विनोदी नाटकाला कडेची खुर्ची. मोबाईलवर बघून केगलचे व्यायामही सुरू केले. हे डॉक्टर अर्नोल्ड केगल अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. 1948 साली त्यांनी खालचे स्नायू आवळण्याचा हा व्यायाम डॉक्टरमंडळींपुढे मांडला. मी तो बसस्टॉपवर करायचे, चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवून. डाग काही वाळेना.

शेवटी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. म्हणाली, "करून दाखवा काकू." मी गादीवर आडवी झाले आणि होतं नव्हतं ते सगळं आवळलं. ओठ, भुवया, पायाची बोटंसुद्धा. 10 सेकंद झाले.

"आणि श्वास?"

"तो झाल्यावर घेते," मी दातांतून म्हणाले.

ती खो खो हसली. तिला परवडत होतं.

मग तिनं समजावलं. फासळ्यांच्या तळाशी घुमटासारखा एक स्नायू असतो, श्वासपटल. श्वास आत घेतला की ते खाली उतरतं, साध्या श्वासाला साधारण दीड सेंटीमीटर. पोटातली मंडळी त्याच्याखाली सरकतात, आणि ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायूही जरासे झुकतात. श्वास सोडला की दोघेही वर. दिवसातून वीसेक हजार वेळा ही जोडी अशी वरखाली करते, आणि आपल्याला पत्ता नसतो. पण श्वास कोंडून जोर लावला की सगळा भार त्या झोळीवर. म्हणजे शेवटी 303च!

"पोट आत ओढून धरायची सवय आहे का?" तिनं विचारलं.

सवय? 1989 साली बघण्याच्या कार्यक्रमात आई कानाशी पुटपुटली होती, "पोट आत घे." ते बाहेर सोड असं त्यानंतर कुणी सांगितलंच नाही. पोट आवळलेलं असलं की श्वासाला पुढे जागा उरत नाही, मग दाब खाली जातो. शिवाय खालचे स्नायू कायम आवळून ठेवले तर तेही थकतात. दिवसभर मूठ वळून ठेवलेल्या हातानं संध्याकाळी पोळ्या लाटून बघा.

घरी येऊन स्वतःवर पाळत ठेवली. श्वास मी कुठे कुठे कोंडते? दळणाचा डबा उचलताना. सुईत दोरा ओवताना. सकाळी संडासात (तिथला जोर तर सगळ्यात वाईट म्हणे). आणि दर महिन्याला, 303वाल्यांना फोन लावताना.

आता शिंक येतेय असं वाटलं की क्षणभर आधी तळ आवळते. डबा उचलायच्या आधी श्वास घेते आणि उचलताना 'हूऽऽ' करून सोडते, तळ अलगद वर घेत. तीनेक महिन्यांत डाग बराच वाळलाय. परवा 10 किलोंचं दळण असंच उचललं, तर बाहेरून ह्यांचा आवाज आला, "एवढे उसासे टाकायचे असतील तर मी उचलतो." पेपर मात्र खाली ठेवला नाही.

मी डबा ओट्यावर ठेवला आणि निवांत, मोकळ्या पोटानं बाहेर आले. ह्यांनी चष्म्यावरून नीट बघितलं.

"पोट हल्ली जरा सुटलंय का गं?"

"सुटलं नाही," मी म्हटलं, "सोडलंय."