धापेचा हिशेब
श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूला पुरेसे रक्त मिळते की नाही, हे पाहण्यासाठी छातीवर इलेक्ट्रोड चिकटवून रुग्णाला सरकत्या पट्ट्यावर चालवण्याची जी तपासणी, म्हणजे स्ट्रेस टेस्ट, केली जाते, तिच्यातला ताण खरे तर संमतिपत्रावरच सुरू होतो. कारण चाचणीत क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो, हे तिथे बारीक अक्षरात छापलेले असते. ब्रूस पद्धतीनुसार दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढत जातो, आणि 220 मधून वय वजा करून येणाऱ्या ठोक्यांच्या 85 टक्क्यांपर्यंत पोचण्यासाठी, पहिल्या मजल्यालाही लिफ्टची वाट पाहणारा गृहस्थ धापा टाकत राहतो. (ही वजाबाकी ढोबळच, पण हरकत घेण्याइतका दम तेव्हा कोणात असतो?) पाय आधीच थकले, तर अहवालावर ‘अनिर्णायक’ असा शेरा पडतो आणि घरी हृदयाऐवजी गुडघ्यांची चौकशी सुरू होते.