गडग्यावरची हार्ड डिस्क

शेवग्याच्या शेंगा द्यायला गडग्याशी गेले, तर पलीकडे वहिनी तोंड पाडून उभ्या.

"काय झालं हो?"

"ताई, कॉम्प्युटर टकटक करतोय. पाल चुकचुकते ना, अगदी तसा. आणि मग दहा मिनिटं पडद्यावर नुसतं ते गोल गोल फिरत बसतं."

माझ्या हातातल्या शेंगा तिथेच राहिल्या. डिस्क चुकचुकायला लागली की समजावं, आतलं हेड जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. "आधी फोटो उतरवून घ्या, बाकी सगळं मग!"

"घेतलेत, काल रात्रीच. आता नवी घ्यायची, तर घरात चार माणसं नि पाच मतं. भाचा म्हणतो, एसएसडीच घे. दुकानदार म्हणतो, चार टीबीची हार्ड डिस्क आलीय, स्वस्तात लावतो. आणि आमचे हे म्हणतात, जुनीच दुरुस्त होते का विचार."

"भाऊजींच्या स्कूटरसारखी?"

"शूऽ, ओटीवरच बसलेत."

मी आवाज खाली आणला. "भाच्याचं ऐका. तुमच्या डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, मिनिटाला सात हजार दोनशे वेळा. कॉम्प्युटर सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली लागतात, आणि प्रत्येकीसाठी ते हेड इकडून तिकडे धावतं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. मी मागच्या वर्षी बसवली. पूर्वी बटण दाबून चहा टाकायचे, आता आधण यायच्या आत हा तयार."

"पण आमचा कॉम्प्युटर जुना. भाचा ते कसलं एम डॉट टू म्हणत होता."

"त्याची खाच जुन्या मदरबोर्डवर नसते बहुधा. तुम्ही अडीच इंची साटावाली घ्या. जुन्या डिस्कची केबल तिला तशीच लागते. पाचशे जीबी रग्गड झाली. विंडोज नि भाऊजींचे पत्ते, आणखी काय असतं तुमच्यात?"

"मग चार टीबी नकोच?"

"किती साठलंय तुमचं?"

"भाच्याने बघितलं, तीनशे जीबी. त्यातले दोनशे नुसते मुंजीचे!"

"मग चार टीबीत काय, माळ्यावरच्या नारळांचेही फोटो ठेवणार? आणि त्या दुकानदाराला एवढंच विचारा, सीएमआर आहे की एसएमआर. बघा कसा खोकतो." वहिनींचा चेहरा कोराच, म्हणून मी त्यांच्या पडवीकडे बोट केलं. "एसएमआर म्हणजे कौलारू. जागा वाचवायला एका ओळीवर दुसरीची कड चढवून लिहितात, कौलं घालतात तशी. आता मधलं कौल फुटलं तर काय करता?"

"वरची चार उचलावी लागतात."

"ही पण उचलते. मधलं थोडंसं बदलायचं तरी शेजारच्या ओळी पुन्हा लिहीत बसते. फोटो टाकून कपाटात ठेवायला चालेल एकवेळ, पण विंडोज चालवायचं म्हणजे रोज नळे परतणं. आणि हो, एक टीबी घेतलीत नि विंडोजने नऊशे एकतीस दाखवले, तर दुकानात भांडायला जाऊ नका. बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज एक हजार चोवीसने. मापात पाप नाही, मापंच दोन आहेत."

"अगंबाई, मी गेलेच असते हो भांडायला."

"पाप बघायचं तर कोपऱ्यावरच्या बंगल्यात. कुणाला सांगू नका हं. त्यांनी ऑनलाइन सोळा टीबीचा पेनड्राइव्ह मागवला, आठशे रुपयांत! आत चिप असणार बोटभर, नुसता आकडा मोठा दाखवायची करामत. भरलं की जुन्यावरच नवं लिहितो. लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ टाकला, तो गेला. आता म्हणतात, व्हायरस आला."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. "तुमचं २०२१ साली सगळंच गेलं ना?"

गेलं. २२ जुलैला वाशिष्ठी घरात शिरली, तेव्हा सीपीयू जमिनीवर होता. डिस्कच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळाचं पाणी आत गेलं. मी वेडी, ती पापडासारखी पंचावर वाळत घातली आणि वीज आल्याबरोबर लावली. कर्र असा एकच आवाज. नंतर कळलं, भिजलेली डिस्क लावायचीच नसते. आहे तशी जाणकाराकडे द्यायची. पुराचं आणि डिस्कचं काय वैर आहे कोण जाणे. २०११ साली थायलंडात पूर आला, तेव्हा तिथले डिस्कचे कारखानेच बुडाले आणि जगभर भाव कडाडले होते.

"म्हणून सांगते, एसएसडी आत, आणि एक टीबीची बाहेरून लावायची साधी डिस्क फोटोंना. महिन्याकाठी जोडायची, उतरवायचं, काढून ठेवायची. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहायला फिरणारीच बरी. एसएसडी विजेशिवाय फार काळ राहिली, तर आतलं हळूहळू विसरू शकते."

"मग ती बाहेरची तुमच्याकडेच ठेवते ना. गडग्यावरून देईन."

"वहिनी, तेव्हा पाणी या गडग्याशी थांबलं होतं का?"

त्यांनी गडग्याकडे बघितलं. चिऱ्यांवर गाळाची रेघ अजून दिसते. "मग देवरुखला ठेवते, माहेरी. चांगलं उंचावर आहे. भावजय सांभाळेल."

"तीच ना, जिने तुमचं पुरणयंत्र नेलं?"

"तेच सांगायचं होतं तुम्हाला," वहिनी गडग्यावर कोपर टेकून पुढे वाकल्या, "परवा तिच्या घरी गेले, तर काय बघते..."

शेंगा संध्याकाळपर्यंत गडग्यावरच होत्या.