भिंतीवरच्या फार्मासिस्टला खुलं पत्र

महोदय,

तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्यासारखे राज्यात पुष्कळ आहेत आणि एकट्या तुम्हाला धरून बाकीच्यांना मोकळं सोडायची माझी इच्छा नाही. तुम्ही डी.फार्म. झालात, फार्मसी कौन्सिलकडे नोंद केलीत आणि सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्याने दुकानदाराला देऊन टाकलंत. आता तुम्ही शहरात दुसरी नोकरी करता आणि दुकानाच्या भिंतीवर फ्रेममध्ये तुमचा फोटो असतो. फोटोला बोलता येत नाही. औषधाच्या दुकानात बोलणं हेच तर तुमचं काम होतं!

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1992-93 साली तिथे कुपोषणाने आणि साध्यासुध्या आजारांनी मुलं दगावली आणि महाराष्ट्र हादरला. 2016 मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी तेच दुखणं पुन्हा वर काढलं. त्या मृत्यूंचं पाप मी तुमच्या माथी मारत नाही. पण जिथे मूल आधीच अशक्त, तिथे काउंटरवरची चूक सगळ्यात महाग पडते, एवढं तरी तुमच्या अभ्यासक्रमात होतं ना?

अशा मुलाला जुलाब लागले की आई दुकानात येते. तुमच्या जागी उभा असलेला पोरगा स्ट्रिप कात्रीने कापतो आणि अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या व जुलाब बंद करणारी एक गोळी हातावर ठेवतो. लहान मुलाला ती बंद करणारी गोळी द्यायची नसते, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. तुम्हाला शिकवलं होतं. त्या मुलाला हवी असते ओआरएसची पुडी आणि झिंक. जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस पुरं करायचं, मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यात घालायची, छोटी 200 मिलीत. अर्धी पुडी अंदाजाने घोळली तर उपयोग नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. कापलेल्या तुकड्यावर बहुतेक वेळा नाव उरत नाही, मुदतीची तारीखही नाही. उरलं असतं तरी ते इंग्रजीत. त्या आईसाठी औषधाचं लेबल म्हणजे तुमचा शब्द. तो तुम्ही भाड्याने दिलात.

खोकल्याचं तर याहून वाईट. वीटभट्टीवरून परतलेला माणूस दोन आठवडे खोकतोय. त्याची थुंकी सरकारी दवाखान्यात फुकट तपासून मिळते. दुकानात त्याला लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मिळतं. चार दिवस बरं वाटतं, क्षयरोग दबून राहतो, निदान लांबतं आणि तोवर तो घरातल्यांनाही आजार देतो. असं औषध चिठ्ठीशिवाय हाती पडू नये म्हणूनच ते शेड्यूल एच-1 मध्ये आहे. 1 मार्च 2014 पासून त्याची विक्री वेगळ्या रजिस्टरात लिहायची आणि ते तीन वर्षं जपायचं. तुमच्या दुकानात ते कोण लिहितं? चिठ्ठी नसताना कोणत्या डॉक्टरचं नाव घालतं?

सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या सिरपमुळे गेली. त्यांतली काही नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत असताना गेली. त्या सिरपच्या एका बॅचविरुद्ध आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानेही (एफडीए) इशारा काढला. असा इशारा आला की फडताळावरची प्रत्येक बाटली उलटून बॅच नंबर पाहणारा माणूस दुकानात लागतो. त्या दिवशी तुम्ही कुठे होता?

पगार परवडत नाही, असं तुम्ही म्हणाल. दुकानदार तुटपुंजा पगार देतो हे खरं आहे. त्या पगारासाठी भांडा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण 1948 च्या फार्मसी कायद्याचं 42 वं कलम सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. तिथे फ्रेम चालत नाही. या सोमवारी काउंटरवर उभे राहा, नाहीतर सर्टिफिकेट उतरवून घेऊन जा.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी औषध घेताना भिंतीवरचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून पाहा. फार्मासिस्ट कोण, हे विचारा. बॅच नंबर असलेलं बिल मागा. उत्तर मिळालं नाही तर एफडीएच्या 1800-222-365 या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करा.